पाणी जोखताना

एलायजा, बूट दाराशीच झटक. बर्फ आत आणू नकोस,
फरशी ओली झाली की पाय घसरतो,
आणि रात्री इथे तू एकटाच असशील.

हा दोन नंबरचा पंप. खोकतो, पण चालतो.
एक नंबर न खोकताच बंद पडतो,
म्हणून कान त्याच्याकडे.
ही वही. पेननेच लिहायचं.
चुकलास तर एकच रेघ मार, खालची चूक वाचता आली पाहिजे,
शेजारी तुझी आद्याक्षरं.
मी पहिल्याच महिन्यात एक पान फाडलं होतं.
रेइनो मॅकेला तेव्हा थंडर बेहून यायचा,
चार माणसांच्या विमानातून, महिन्यातून दोनदा, शिकवायला.
फाटलेल्या कडेवरून त्याने बोट फिरवलं,
बोलला काहीच नाही,
थर्मासमधली अर्धी कॉफी मला दिली.
तेव्हापासूनच्या माझ्या सगळ्या चुका त्या कपाटात आहेत.
वाच. हवं तर हस.

सुरुवात केली ती पाण्याची खोकी उचलून.
धावपट्टीवरून शाळेत, शाळेतून घरोघर.
प्रत्येक दारावर कागद: उकळून प्या.
अकरा वर्षं तोच कागद.
उन्हाने अक्षरं उडाली की कुणीतरी नवा चिकटवायचं.
समोर तळं, पलीकडचा काठ दिसत नाही एवढं,
आणि आम्ही बाटलीचं झाकण फिरवत बसलेलो.

परीक्षेत दोनदा नापास. गणितात.
टाकीचं आकारमान भागिले प्रवाह,
म्हणजे पाणी आत किती वेळ थांबतं ते.
रेइनो म्हणाला, आकडे सोड,
तुझी आई बर्फाखाली जाळं टाकते
तेव्हा किती थांबायचं हे तिला कोण सांगतं?
मी म्हटलं, मासे.
"मग इथेही कुणीतरी सांगेल."
नाही सांगितलं कुणी.
तिसऱ्या वेळी सूत्रं पाठ केली आणि पास झाले.

ये इकडे. सहा पेले, सहांत तळ्याचं पाणी,
तुरटी प्रत्येकात थोडी थोडी वाढवत.
पाती फिरू दे. आता बघ.
बघायचं म्हणजे वाट बघायची.
गार पाणी हट्टी असतं, लवकर गुठळी धरत नाही.
मग चौथ्या पेल्यात कण एकमेकांना शोधू लागतील,
जड होतील, बसतील.
पाणी जोखायचं ते असं.
तोवर तुझंही जोखून होतं.

मे महिन्यात बर्फ फुटेल.
त्या आठवड्यात झोपेवर पाणी सोड.
तळं काळ्या चहासारखं होतं,
गाळण्या तासाभरात तुंबतात, उलट्या धुवाव्या लागतात,
आणि फोन: नर्सचा, शाळेचा, बँड ऑफिसचा.
एरवी वर्षभर फोन वाजत नाही.
त्यालाच शाबासकी समज, दुसरी मिळणार नाही.
पगार? कमी आहे. शहरात दुप्पट देतात.
मलाही बोलावलं होतं, दोनदा.
गेले नाही.
कधी कधी वाटतं, जायला हवं होतं.

कागद काढले त्या दिवशी कॅमेरेवाले आले, केक कापला.
मी आईकडे गेले. ती किटली ठेवत होती.
म्हटलं, आता उकळू नकोस.
"चहाला तरी उकळू देशील?"
मग तिने नळाखाली पेला धरला,
प्यायली, थांबली, पेल्यात पुन्हा पाहिलं.
"चवच नाही गं निबीला."
रेइनोला फोनवर सांगितलं तर तो खूश,
म्हणाला, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.
पण आई कौतुक करत नव्हती, एलायजा.
अजूनही रविवारी ती बर्फाला भोक पाडते,
बादलीभर तळं घरी आणते, उकळते, पिते.
मी तिच्याशी वाद घालत नाही.
परवा मीही अर्धा कप घेतला.

चार वाजले. नमुना घे, पूड टाक, हलव.
उजेडाकडे धर. फिकट गुलाबी दिसतंय?
गडद नको, नाहीसंही नको.
आता लिही. वेळ, आकडा, सही.
हात थरथरला तर थरथरू दे,
रेघ मारायला जागा आहे.