स्टुलावरची इटली

तेव्हा मी दिवसभर कोट धुवायचे,
पांढरे, ऑस्ट्रियाच्या शिपायांचे,
मिलानच्या कालव्यावर, गुडघे दगडाला टेकून.
पांढऱ्यावर काहीच लपत नाही:
वाइन, घोड्याची लाळ,
कुणाच्या तरी नाकातलं रक्त.
रक्ताला गार पाणीच लागतं.
ऊन घातलं की डाग धाग्यात जाऊन बसतो,
मग निघत नाही.

आणि संध्याकाळी मी देश व्हायचे.

मास्तर एर्कोलेंच्या माळ्यावर, तीन पायांच्या स्टुलावर,
चौथ्या पायाच्या जागी विटा.
अंगावर चादर, हातात केरसुणीचा दांडा.
"तलवार मी नंतर काढीन, ओर्सोला, तू नुसता धर."
पायाशी विहिरीची साखळी. ती तुटलेली हवी,
म्हणून तिची एक कडी ते कानशीने घासत बसले
अख्खा रविवार.
तासाला दोन सोल्दी. अनवाणी.

त्या हिवाळ्यात शहराने तंबाखू सोडली होती,
कराचा पैसा व्हिएन्नाला जातो म्हणून.
मास्तर रिकामा पाइप चावत म्हणायचे,
"लांब बघ. क्षितिजाकडे."
माळ्याला खिडकी एकच,
तिच्यातून दिसायची खाटकाची भिंत.
मी भिंतीकडे बघायचे.

एकदा विचारलं, ही बाई नक्की कोण?
"इटली," म्हणाले. "आपली सगळ्यांची आई."
माझी आई डोंगराकडची.
तिला माझी मिलानची बोली निम्मी कळायची
आणि मास्तरांची इटालियन
मला निम्मी.

मार्चमध्ये स्टूल बॅरिकेडवर गेलं,
सोबत दोन पियानो, चर्चची बाकं, कुण्या काउंटची बग्गी.
पाच दिवस घंटा थांबल्या नाहीत.
चौथ्या दिवशी त्याच ढिगाआडून कौलं फेकताना
माझा भाऊ गाउदेन्झो पडला.
त्याचा सदरा मी गार पाण्यात घातला.
भोक शिवलं.
धाकट्याने तो पुढे सहा वर्षं घातला.

ऑगस्टमध्ये पांढरे कोट परत आले,
धुवायलाही.
मास्तर आधीच सरहद्दीपार.
त्यांचं चित्र गुंडाळून माझ्या पाटीत, वर छत्तीस कोट.
वेशीवरच्या पोराने वरचा एक उचलून पाहिला.
"छान निघालेत," म्हणाला. जर्मनमध्ये, पण तेवढं मला कळायचं.

आता ते नगरभवनात असतं, सोनेरी चौकटीत.
सणाच्या दिवशी सगळ्यांना आत सोडतात.
मला पाटी बाहेर ठेवायला लावली.
तलवार आहे. क्षितिज आहे.
केस माझे नाहीत,
हात तर कुठल्याशा काउंटेसचे,
साबणाने न सोललेले.
एका गृहस्थाने तिच्यापुढे हॅट काढली
आणि मला म्हणाला, "बाई, जरा सरका."

सरकले.
तिथून खालचा कोपरा दिसत होता.
साखळीपाशी डाव्या पायाचा अंगठा,
नखाची कड थंडीने काळी पडलेली.
तो तेवढा बदलायचा राहिला होता,
की मास्तरांनी राहू दिला, कोण जाणे.
डिसेंबर लागला की अजून ठणकतो.

बुटाच्या आत मी तो जरा हलवून पाहिला.