भाग सतरावा

चादर पांघरून बसतो आम्ही,
मी आणि मल्लिनाथ,
मधे एक माइक, स्टीलच्या पेल्यात उभा केलेला.
चादर आवाज खाते म्हणे.
घाम मात्र आमचा आम्हालाच.

शेजारी कोडमांचे बारा माग,
म्हणून वीज जायची वाट बघायची.
गेली की गल्ली एकदम बहिरी,
आणि मल्लिनाथ बॅटरीवर सुरू :
"साखर पेठेतून बोलतोय, ऐकायलास ना बे?"

ऐकणारे एकोणीस.
त्यातली एक त्याची आत्या,
तीस वर्षं कांड्या भरून आता घरी.
तुमच्या बोलण्यानं झोप चांगली लागते, म्हणते.

विषय असा काही नसतो.
शेंगाचटणीत लसूण किती,
टीव्हीवरचे ओरडणारे जेवतात कधी.
आज पाहुणा होता, अंबादास गड्डम.
दिवसा टॉवेलांच्या घड्या घालतो,
रात्री मोबाईलवर गाणी करतो,
तेलुगूत सुरू होऊन मराठीत कुठंतरी संपणारी.
"कसलं म्हणायचं बे हे संगीत?"
बराच वेळ गप्प. मग,
"पाणी पाच दिवसांआड येतं ना,
त्या मधल्या दिवसांचं."

आम्ही हसलो. तो नाही हसला.
गिटार लावायला घेतली, तेवढ्यात
वीज आली.
बारा माग एकदम.

मी बटणाकडे हात नेला.
त्यानं मान हलवली, राहू दे,
आणि थोडा थांबला,
चालती बस पकडणारा थांबतो तसा,
मग खटक्यात शिरला.

भाग तसाच टाकला.
सकाळी आत्याचा फोन :
झोप लागली नाही बघ.
आणि त्यातला एक माग सुका वाजतोय,
कोडमाला तेल घाल म्हणावं.