तांबी

अंगावर धातू नको, म्हटलं.
तिनं डोरलं काढलं, बांगड्या काढल्या,
पोटाच्या फोटोला जोडव्यांची अडचण नसते
हे सांगेपर्यंत थुंकी लावून जोडवीही ओढली.
पोलक्याची पिन, केसातली पिन,
कमरेला खोचलेली पेटीची किल्ली.
सगळं स्टीलच्या ट्रेमध्ये.
"आता काहीच नाही जी अंगावर."

यामिना गुरनुले, वय चौतीस.
तक्रार : रोवण्यात वाकलं की उजवीकडे टोचतं.

सिंदेवाहीच्या या खोलीत
तेवीस वर्षं मी तेच म्हणत आलोय :
दम घ्या. धरा. हलू नका.
सोडा.
आज व्होल्टेज यायलाच अकरा वाजले,
तोवर तिची पोरगी बाकावर पाय हलवत
भिंतीवरच्या सापळ्याच्या बरगड्या मोजत होती
आणि प्रत्येक वेळी आकडा वेगळा येत होता.

मग स्क्रीनवर उमटलं.
कणा, कटीची हाडं, गॅसचे काळे ढग,
आणि उजवीकडे, शेवटच्या बरगडीखाली,
पांढरीशुभ्र, कुशीवर निजलेली
तांबी.

मी ट्रेकडे बघितलं.
निऱ्यांत काही अडकलंय का, विचारलं.
नव्हतं अडकलं.

गिळलेला रुपया पाहिलाय मी, घशात आडवा.
एका म्हाताऱ्याच्या मांडीत डुकराच्या शिकारीतले छर्रे,
ज्यांची गोष्ट तो दरवेळी वेगळी सांगायचा.
पण त्याला गोष्ट तरी होती.

तिनं पिशवीतून जुनं कार्ड काढलं,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं.
थोरल्याच्या बाळंतपणानंतर : तांबी बसवली.
सहा महिन्यांनी, दुसऱ्या शाईत : दोरा दिसत नाही. पडली.
"तुम्ही पाहिली पडताना?"
"मी कायले पायतो जी?
सिस्टर म्हणे, पडली असन.
मंग हे झाली."
तिनं पोरीकडे हनुवटी केली.

तोंडातून कार्डावर उतरताना
त्यातलं ‘असन’ कुठं सांडलं?

माझा साळा वनविभागात हंगामी आहे,
झाडांना कॅमेरे बांधतो.
कोणता वाघ कोणत्या नाल्यानं उतरला,
कोणत्या रात्री तळ्याची पाळ ओलांडली,
सगळं त्याच्या वहीत, तारखेसकट.
ही सात वर्षं चालत होती,
आतड्यांच्या घळीतून,
एका वाढत्या बाळाच्या पाठीला लागून,
दरसाल मोहाला वाकणाऱ्या, रोवण्याला वाकणाऱ्या पोटात,
आणि एकही फोटो नाही.

मी बोलायचं नसतं. ते डॉक्टरांनी सांगायचं.
मी फक्त बाण काढतो.
फिल्म मार्चपासून संपल्यात,
म्हणून तिच्याच मोबाईलवर
स्क्रीनचा फोटो काढून दिला,
चंद्रपूरला दाखवायला.

पोरीनं मोबाईल हिसकला.
दोन बोटांनी आईचं पोट मोठं केलं,
आणखी मोठं,
हाडं बाजूला सरकवत थेट तिथं पोचली.
"टी," म्हणाली.
"टी फॉर टायगर."

मी हसलो बहुतेक. यामिना नाही.
तिनं ट्रे पुढ्यात ओढला.
डोरलं. बांगड्या. किल्ली.
जोडव्यांना पुन्हा थुंकी.
मग स्क्रीनकडे पाठ ठेवून विचारलं,
"थे काढतीन नं जी,
तं मले देतीन का?
का ठेवून घेतीन?"

मला माहीत नव्हतं.
तसं कोणी कधी विचारलंच नव्हतं.

बाहेर पुढचा नंबर खोकत होता.
ती गेल्यावर पाहिलं तर ट्रेमध्ये
केसातली पिन राहिलेली.
दाराशी जाऊन हाक मारली,
पण आवारातून काळीपिवळी सुटली होती,
पोरगी मागच्या काचेला नाक लावून,
हातात मोबाईल,
अजून काहीतरी मोठं करून बघत.