दहा पॉइंट

प्लास्टर अजून झालं नाही.
उघड्या विटांवर दस्तगीरनं निळ्या खडूनं
चौकोन काढलेत, आणि विचारतोय,
"हं, सांगा, कुठं काय पायजे?
खरं दहाच्या वर नको. एका लाइनीवर दहा पॉइंट,
आठशे वॅट. पुढं वायर तापतीय."

दहा.
दिवे तीन, पंखे दोन, ते धरावेच लागतात.
मी बोटं मोजतो, रेणुका माणसं मोजते.
पलंगापाशी एक, आईच्या वाफेच्या मशिनीला.
खिडकीखाली एक, शिलाईला,
तिथं उजेड डाव्या हाताला येतो म्हणून.
अक्षताच्या टेबलाला दोन.
"दोन कशाला?"
"एक तिच्या नवऱ्याला. आला तर."
दस्तगीरचा खडू जरा थांबतो.

वडगावात भाड्याच्या खोलीत एकच प्लग होता.
त्याला एक पेटी, पेटीला अजून एक पेटी,
दावं सोडून शेळी फिरवावी तशी
आम्ही ती खोलीभर फिरवायचो.
इस्त्री लावली की मागच्या शेडात माग दमायचा,
खडखडाट जड व्हायचा,
धोटा पलीकडनं यायला उशीर करायचा,
आणि मालक तिथनंच ओरडायचा, "कोण लावलं रे?"
तीस वर्षं मी व्होल्टेज कानानं मोजलं.

म्हणून सांगतो, गिझर नि मिक्सर निराळे काढ.
"पॉवरची लाइन निराळीच की ओ. तिच्यावर दोनच,"
म्हणत तो विटेवर कानडीत काहीतरी लिहितो.
मला वाचता येतं, रेणुकाला नाही.
"काय लिवलंय?"
"गिझर."
"एवढंच?"

नऊ झाले.
दहावा कुठं, यावर दुपार गेली.
ती म्हणते देव्हाऱ्यात. मी म्हणतो दाराशी,
बसल्या बसल्या फोन लावता येतो.
देव्हारा, दार, परत देव्हारा.
दस्तगीरनं तंबाखू मळली, झटकली,
"साकु री," म्हणाला,
"पाइप घालून ठेवतो, डबा कोरा.
वायर मागनं ओढू."
आणि दार नाही, देव्हारा नाही,
मधल्याच भिंतीवर एक चौकोन काढून
सायकल घेऊन गेला.

येळ्ळूरच्या गडामागं ऊन उतरलं.
अजून मीटर नाही, दिवा नाही.
रेणुका त्या चौकोनापुढं उभी राहून
हात लावून बघते. बोटाला निळं लागतं.
"असू दे हितंच," म्हणते,
आणि कशाला, ते सांगत नाही.