साक्ष

दारखानच्या बॉयलरखोलीत
आम्ही अकरा जण. बाहेर उणे चौतीस.
पाळकबाई म्हणाल्या, गानझोरिग, आज तुझी साक्ष.

मला प्रकाशबिकाश दिसला नाही.
आवाजही आला नाही कुणाचा.
म्हाताऱ्या त्सेरेनल्हामचा कोळसा मी चोरायचो,
वोडकासाठी. एवढंच.

एका पहाटे पोतं भरताना
ती मागे उभी.
म्हटलं, आता पोलीस.
तिनं आत नेलं, खारट चहा ओतला,
डोळे मिटले,
आणि चहावर आशीर्वाद मागताना
माझं नाव घेतलं,
नीट, बापाच्या नावासकट.

त्याआधी ते
फक्त थकबाकीच्या यादीत असायचं.

अजून रात्री जीभ कोरडी पडते.
मग उठतो,
तिच्या कोठीत कोळसा ठेवून येतो.
विकतचा.