गोड्या पाण्यातला अॅडमिरल

तिकीनाच्या सामुद्रधुनीत
(समुद्र असलाच तर या शब्दापुरता)
मी तराफ्यावरून बशी पलीकडे नेतो.
पलीकडच्या तळावर माझा थोरला,
रिअर अॅडमिरल आन्सेल्मो तार्की.

बोलिव्हियाला समुद्र नाही.
हे तो कुणाला बोलू देत नसे.
"सध्या नाही," म्हणायचा.

चौतीस वर्षं.
कॅडेट असताना सरोवराच्या गारठ्यात
करंगळीचं नख गेलं, ते गेलंच.
मग गस्तीची बोट, चोरटं पेट्रोल,
बेनीच्या जंगलनदीत मलेरिया,
मग टेबल. मग मोठं टेबल.
दर मार्चमध्ये गेलेल्या किनाऱ्यासाठी
बँडमागे ताठ चालणं.

खरा समुद्र पाहिला एकदाच, परक्या जहाजावरून.
सहा दिवस उलट्या.
वहिनीलाही हे ठाऊक नाही.
येताना बाटलीभर पाणी आणलं.
आईने बोट बुडवून चाखलं,
म्हणाली, "बटाटे उकडायला चालेल."

निवृत्तीला तोफा झाल्या.
मंत्री म्हणाले, देशाच्या मिठाला जागला.
मीठ आहे की आमच्याकडे,
उयुनीला, नजर थकेपर्यंत.
त्यावर पाणी तेवढं नाही.

संध्याकाळी पांढऱ्या गणवेशातच तराफ्यावर आला.
भाडं पुढे केलं.
मी घेतलं.
मधोमध वारा उलटला
तशी न विचारता काठी उचलून
पाय रोवून उभा राहिला,
वडील उभे राहायचे तसा, थोडा वाकडा.

काठाला लागल्यावर म्हणाला,
"डावीकडची फळी कुजलीय. बदल."
हुकूम नव्हता तो.
दुसऱ्या दिवशी बदलली.