चौथं मळसूत्र

झाडाच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगात आकडा घातलाय: सात.
म्हणजे सतरा साली सोललेलं.
नऊ वर्षं या झाडाला कुऱ्हाड दाखवायची नाही,
असा पोर्तुगालात कायदा आहे;
कायद्याआधी अनाक्लेतू होता
आणि त्याच्या शिव्या.

सोललेला बुंधा आधी तांबूस, लाजल्यासारखा,
मग विटेसारखा, मग काळपट,
मग हळूहळू पुन्हा अंगावर घेतो
आपला जाड, हलका कोट.

दियोलिंदा, अनाक्लेतूची मधली,
इथे अलेंतेजूच्या माळावर दिवे करते.
कारखान्यात बाटल्यांची बुचं पाडून झाली
की उरते साल, पट्टीवर ओळीनं गोल भोकं.
दळायला जायच्या आधी ती पोतंभर उचलून आणते.
"वाइन गेली लोकांच्या घशात," म्हणते,
"भोकं आली माझ्या वाट्याला."
पट्टी वाफेवर धरते, वाकवते,
आत बल्ब सोडते
आणि जिथं जिथं बूच नाही
तिथून भिंतीवर पडतं
उजेडाचं एकेक नाणं.

पहिल्या वर्षीचे दिवे चिकटवलेले होते.
आत कायमचा बंद केलेला एलईडी,
वर हिरव्या पानाचं लेबल.
एव्होराच्या दंतवैद्य झुल्मिराबाई
एक दिवा काखेत मारून परत आल्या:
"दिवा धडधाकट आहे हो, उजेड तेवढा मेला.
आता हा टाकू कुठे?"

त्या रात्री दियोलिंदानं सुरी घेऊन तो सोलायला घेतला.
गोंद सालीला सोडेना, साल गोंदाला.
साठ उन्हाळ्यांत बापाची कुऱ्हाड
एकदाही सालीच्या आत लाकडाला लागली नव्हती
आणि इथं टेबलावर नुसता भुगा.
उरलेली लेबलं तिनं भाच्यांना दिली,
मागच्या बाजूला चित्रं काढायला.

आता तीन मळसूत्रं, पितळेची.
सोडवा, बल्ब बदला, आवळा.
बाकी काही शिकायचं नाही.

अनाक्लेतूला आता दिसत नाही.
तो दिव्यावर तळहात धरतो, जन्मभर कंदिलावर धरला तसा,
आणि म्हणतो, "पेटवलाच नाहीस."
"पेटलाय, बाबा."
"मग शेकत का नाही?"
ती त्याचं बोट धरून मागे नेते,
ॲल्युमिनियमच्या चकतीपाशी.
बोट थांबतं.
"मांजराच्या कानाइतका," तो म्हणतो. "बरं. असेल दिवा."

मग तेच बोट सालीच्या कापलेल्या कडेवरून सरकतं,
एकेक वर्ष चाचपत.
"हे बारा साल. पाऊस कुठे होता?
झाडानं अंगच धरलं नाही.
त्या साली आपण गाढव विकलं."
ती काही बोलत नाही.
गाढवाचं नाव तिला आठवतंय.

"स्क्रूड्रायव्हर दे."
"कशाला?"
"कुणीही उघडेल म्हणतेस ना? मी कुणीही."

पहिलं सुटतं. दुसरं सुटतं.
तिसरं त्याच्या चिमटीतून निसटून
फरशीवर टणटणत जातं, कपाटाखाली की कुठे.
बल्ब हातात, तार मोकळी,
बाहेर संध्याकाळ केव्हाच संपलेली,
आणि खोलीत आहे तो एकच दिवा, तोही उघडलेला.
बाप आणि लेक, दोघं गुडघ्यांवर,
फरशी तळव्यांनी पुसत निघालेले.
आत्ता या खोलीत
दोघांना सारखंच दिसतंय.

ती भुसा चाळते, खुर्चीचा पाय चाचपते, शिंकते.
तो मात्र मधेच थांबलाय, कान फरशीकडे,
आवाज कुठे विझला ते आठवत.
हात लांबवतो. उचलतो. पुसून तिच्या हातावर ठेवतो.
आणि उठता उठता, कंबर धरून:
"चार दे लोकांना. एक हरवतंच."

तेव्हापासून प्रत्येक दिव्याच्या खोक्यात
कागदाच्या पुडीत एक जास्तीचं मळसूत्र असतं.
पुडीवर काही लिहिलेलं नसतं.
झुल्मिराबाईंनी फोन करून विचारलं,
"हे कुठे बसवायचं?"
"कुठेच नाही," दियोलिंदा म्हणाली.
"जपून ठेवा."